पुस्तक आवडलं, बरं मग?

नाशिकला आमचा वाचकगट होता. आवडलेल्या पुस्तकाचं नाव सांगायचं, शैलीवर दोन वाक्यं बोलायची, मग चहा. गडचिरोलीला बदली झाल्यावर इथल्या वाचकांच्या बैठकीला त्याच तयारीने गेलो.

मी मिलिंद बोकीलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ नेलं होतं. ‘शाळा’च्या लेखकाचं म्हणून उचललं आणि झपाटल्यासारखं वाचलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा हे गोंडांचं गाव, सर्वसहमतीने चालणारी ग्रामसभा, गावातला अभ्यासगट, 2009मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर मिळालेला सामूहिक वनहक्क, सगळं मी भारावून सांगितलं. कादंबरीसारखं ओघवतं आहे, असंही वर जोडलं.

“ओघवतं ते ठीक आहे जी,” एक काका म्हणाले, “पन सहमती व्हायले किती बैठका लागतात! तुमाले वाचतानी कंटाळा नाही आला?”

प्रशंसा चालली होती की उलटतपासणी, मला उमगेना. काका त्यांच्या गावच्या ग्रामसभेत बसणारे. बैठका कशा लांबतात, हिशेब कोण ठेवतं, यातच त्यांचा जीव. मग विषय 2011वर गेला. हक्क हाती होता, पण वाहतूक परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर नेता येत नव्हता. त्या वर्षी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. “आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक तेच!” कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो, जरा उशिरा.

एका आरोग्यसेविकेने डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आणलं होतं. पुस्तक वडिलांना वाचून दाखवलं, त्यांनी बिडी सोडली, हे तिने एका वाक्यात संपवलं. तिला बोलायचं होतं वेगळंच. शहरातल्या माणसाला ‘चाला’ म्हणणं सोपं, पण तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटेच जंगलात जाणाऱ्या बाईला मी काय सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुदैवाने तिने मला विचारलंही नव्हतं.

नववीतल्या एका मुलीला विलास मनोहरांचं ‘नेगल’ आवडलं होतं. हेमलकशाला वाढलेल्या त्या बिबट्याबद्दल ती भरभरून बोलली. कोपऱ्यातल्या वनरक्षकाने घसा खाकरला. ब्रह्मपुरीकडे मोह वेचायला जाणाऱ्या बायांना बिबट्याचं कौतुक सांगून बघ म्हणे.

“म्हणूनच तर आवडलं,” मुलगी म्हणाली. “रोज भीतीच ऐकतो ना जी आम्ही.”

यावर वनरक्षक गप्प झाले. मला तर हा त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला अभिप्राय वाटला, आणि त्यात शैलीबद्दल एक अक्षर नव्हतं.

पुढच्या खेपेला काय आणणार, असं मला विचारलं. मी मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’ म्हणालो. वनरक्षक खुर्ची ओढून पुढे आले. “आणा. नवेगावबांधला मी नोकरी केली आहे.”

आता ते पुस्तक पेन्सिल घेऊन वाचतो आहे.