जाळ दिसतो, धूर कुठे जातो?

दिल्लीची थंडी महाराष्ट्रातल्या माणसाला पहिल्या वर्षी गंमत वाटते, दुसऱ्या वर्षी हाडात शिरते. जानेवारीत पारा कधी कधी ३-४ अंशांपर्यंत उतरतो आणि घरं मात्र उन्हाळ्यासाठी बांधलेली.

आम्ही दक्षिण दिल्लीतल्या एका जुन्या कोठीत तळमजल्यावर राहतो. बैठकीत फायरप्लेस आहे. मूळची लाकडांची, पण आधीच्या मालकांनी त्यात गॅसचा बर्नर बसवला आणि जुन्या धुराड्यातून ४ इंची अॅल्युमिनियमची नळी वर नेली. गेल्या हिवाळ्यात साताऱ्याहून सासरे आले. दोन दिवस त्या निळसर जाळाकडे बघून म्हणाले, "सूनबाई, ह्याला लाकडाचा वास नाही, निखारा नाही. लाकडं लावू की!"

मलाही मोह झाला. मिस्त्री म्हणाला, "बर्नर काढतो, जाळी बसवतो, एका दिवसाचं काम." नळीबद्दल तो काहीच बोलला नाही.

खरी मेख त्या नळीतच होती. गॅसचा धूर कमी आणि स्वच्छ, त्याला अरुंद वाट पुरते. लाकडाला मोठं धुराडं लागतं. ढोबळ हिशेब असा, की धुराड्याचं क्षेत्रफळ फायरप्लेसच्या तोंडाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकं हवं. आमचं तोंड २ फूट बाय २ फूट, म्हणजे साधारण ८-९ इंच व्यासाची नळी हवी. ४ इंची नळीतून न मावणारा धूर खोलीतच परतणार, आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती यामुळेच.

शिवाय लाकडाचा धूर वर थंड होतो आणि नळीत डांबरासारखा थर साचतो. तो पेटला तर उष्णता हजार अंशांवर जाते. अॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. म्हणजे जुनी नळी काढून स्टीलचं अस्तर घालायचं, भेगा बुजवायच्या, बाहेरची हवा आत यायला वाट ठेवायची आणि दरवर्षी धुराडं साफ करायचं.

हे सगळं करता आलं असतं. मी बाबांना कागदावर आकृती काढून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या घरी कौलांच्या फटींतून धूर जायचा. तरी आई जन्मभर चुलीपुढं खोकली."

शेजारच्या खोलीत माझ्या लेकाचं नेब्युलायझर घरघरत होतं. धुराडं कितीही चांगलं बांधलं, तरी धूर जाणार कुठे? याच गल्लीत, कुणाच्या तरी मुलाच्या छातीत. दिल्ली-एनसीआरमध्ये १ जानेवारी २०२३ पासून घरगुती वापरासाठीही कोळशावर बंदी आहे, ती काही उगीच नाही.

मिस्त्रीला बाबांनीच फोन करून नको म्हणून सांगितलं. आम्ही गॅसची नळी तपासून घेतली आणि भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. जाळ चालू असताना खिडकी बोटभर उघडी ठेवतो.

भोगीला बाबांनी बाजरीच्या भाकरी गॅसवरच, थेट आचेवर फुगवल्या. वास घरभर पसरला. "हा चालंल," ते म्हणाले.