गोठ्यातला बैल कुठून आला?

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की तमाम ऑफिसांमधून एक मेल फिरतो. विषय ठरलेला : चला, आपापला बे सजवू या! मग कुणी क्रॉफर्ड मार्केटातून चमचमत्या माळा आणतं, कुणी ऑनलाइन झाड मागवतं, रिसेप्शनवर कापसाचा बर्फ पडतो. (मुंबईत! तीस डिग्रीत!) सिक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या निघतात, प्लम केक कापला जातो, लाल टोप्या घालून सेल्फी होतात. आणि २६ तारखेला हाउसकीपिंगचे काका सगळं एका काळ्या पिशवीत भरून नेतात. मजा येते, खोटं कशाला बोलू? मीही त्या टोप्या घालते.

मी वसईची. मराठी आणि ख्रिश्चन. ‘दोन्ही एकदम? असं कसं?’ हा प्रश्न मला प्रत्येक नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात येतो, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या एका इंग्रजाने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्यांमध्ये. त्यात स्वर्गाला चक्क ‘वैकुंठ’ म्हटलंय. एवढं सांगितलं की समोरचा गप्प होतो आणि आम्ही चहाला जातो.

पण ती चांदणी कसली, त्या मेणबत्त्या चारच का, असं ऑफिसात कधी कुणी विचारत नाही. विचारणारी आमच्या घरात आहे. वय वर्षं सहा.

आमचं लग्न दोन धर्मांतलं. भाद्रपदात घरी दीड दिवसाचा गणपती येतो, डिसेंबरात मी गोठा मांडते. गणपतीच्या वेळी लेकीचं ‘का?’ सुरू झालं की सासूबाई अगदी फॉर्मात असतात. दूर्वा का? अनलासुराला गिळल्यावर बाप्पाच्या पोटात आग पडली म्हणून. चंद्राकडे का बघायचं नाही? तो बाप्पाला हसला म्हणून. प्रत्येक वस्तूमागे एक गोष्ट हजर! मखराला रंगीत कागद चिकटवता चिकटवता पोरगी अर्धं पुराण शिकून जाते. डिसेंबरात पेपर माझा असतो. आणि त्या पेपरात ‘अगं, छान दिसतं म्हणून’ हे उत्तर चालत नाही. कारण मग तिच्या डोक्यात सरळ हिशेब होईल : पप्पाच्या बाजूला गोष्टी, मम्माच्या बाजूला चमकी.

ते मला नको होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी ठरवलं, घरात जी वस्तू हाताने बनवायची तिच्यामागचं वचन आधी काढायचं. शेल्फवर ‘सुबोध बायबल’ होतंच. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं. याच अनुवादाला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता.

पहिलाच प्रश्न गुगली. ‘मम्मा, गोठ्यात बैल का?’

गंमत बघा. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बाळ आहे, बाळंते आहेत, गव्हाणी आहे. बैल नाही. गाढव नाही. खरं तर ‘गोठा’ हा शब्दसुद्धा नाही! मग ही जोडी आली कुठून? यशयाच्या पहिल्याच अध्यायातून, म्हणजे येशूच्या शेकडो वर्षं आधीच्या पुस्तकातून. तिथे संदेष्ट्याची तक्रार आहे की बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला आपली गव्हाण कळते, माणसांनाच तेवढी अक्कल नाही. जुन्या ख्रिस्ती लोकांनी ती ओळ आणि लूकची गव्हाणी जोडून टाकली. चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवर बाळाशेजारी बैल आणि गाढव कोरलेले सापडतात. पुढे १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्यो गावी संत फ्रान्सिसने गवत टाकून, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून नाताळ साजरा केला. आज घरोघर मांडतात त्या गोठ्यांचं मूळ तिथे सांगतात.

‘म्हणजे बैल हुशार आणि माणसं ढ?’ लेकीने विचारलं. साधारण तसंच, म्हटलं. त्या वर्षी तिने पुठ्ठ्याच्या बैलाला चष्मा काढला. मी खोडला नाही.

गोठा करायची माझी पद्धत माहेरची. नाताळच्या दोनेक आठवडे आधी बशीत माती घालून नाचणी पेरायची. पंचवीस तारखेपर्यंत हिरवंगार कुरण तयार. वर पेंढ्याचं छप्पर, काड्यांचं कुंपण. नाचणी का, याचं उत्तर माझ्या आईकडे ‘स्वस्त पडते म्हणून’ एवढंच होतं. मला मात्र बशीतला पहिला कोंब दिसला की यशयाचा अकरावा अध्याय आठवतो. तिथे इशायच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, तोडलेल्या बुंध्याला नवा धुमारा फुटेल असं म्हटलंय. घराणं संपलं असं वाटत असताना खालून हिरवं वर येतं. बशीतल्या नाचणीला एवढं पुरे.

आणि गव्हाणी? तिची गोष्ट सांगताना मात्र माझा आवाज थोडा बदलतो. लूक सांगतो की बाळाला गव्हाणीत ठेवलं, कारण त्यांना उतरायला जागा नव्हती. त्याचा मूळ ग्रीक शब्द ‘कातालुमा’. त्याचा अर्थ सराई म्हणूनही घेतात, पण पाहुण्यांची खोली असाही होतो. पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी लूकने हाच शब्द वापरलाय. म्हणजे कदाचित घर होतं, माणसं होती, फक्त या दोघांसाठी खोली नव्हती.

लग्नानंतर आम्ही तीन महिने भाड्याचं घर शोधत होतो. एके ठिकाणी सगळं ठरलं होतं. भाडं, डिपॉझिट, अगदी पार्किंगसुद्धा. अ‍ॅग्रीमेंटसाठी दोघांची कागदपत्रं पाठवली आणि संध्याकाळी एजंटचा फोन आला. ‘मॅडम, कमिटी म्हणते जागा द्यायची नाहीये.’ का, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दोन आडनावं एका कागदावर होती, एवढंच. आईस्क्रीमच्या काड्या जोडून लेक गव्हाणी करते तेव्हा मी तिला ही गोष्टही सांगितली आहे. दोन्ही गोष्टी तिला एकाच दमात कळल्या.

आता तारा. आकाशकंदील करता येत असेल तर हा तुम्हाला येतोच, टेन्शन नॉट! दहा सारख्या कामट्या घ्या. पाच-पाचाच्या दोन चांदण्या बांधा. त्या एकमेकींवर ठेवून टोकं दोऱ्याने घट्ट आवळा आणि आतल्या पाच जोडांमध्ये बोटभर लांबीच्या पाच काड्या अडकवा. चांदणी फुगून उभी राहते. वर पतंगाचा कागद, चिकटवायला खळ, आत छोटा एलईडी. (थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली तेव्हा आमच्या घरात कुणाला फरकच पडला नाही.) दिवाळीच्या उरलेल्या कामट्या डिसेंबरात कामी येतात, हा आमच्या दुधर्मी संसाराचा मोठा फायदा.

तारा फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, दुसऱ्या अध्यायात. त्याच्या मागे जुन्या करारातलं गणना हे पुस्तक, अध्याय चोविसावा. तिथे बलाम नावाचा परका द्रष्टा याकोबाच्या वंशातून तारा उगवेल असं सांगतो. मला यातली भारी गोष्ट कोणती वाटते सांगू? भविष्य सांगणारा परका आणि तारा बघून चालत येणारे मागीही परके. घरच्यांना पत्ता नाही! आणि हो, भूमितीची आवड असेल तर २६ टोकांचा मोराव्हियन तारा करून बघा. १८३०च्या दशकात जर्मनीतल्या नीस्की गावच्या शाळेत तो मुलांना भूमिती शिकवायला बनवत असत.

त्या परक्या पाहुण्यांना आपण ‘तीन राजे’ म्हणतो. मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, आकडाही देत नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन! लेकीने हे ऐकून सरळ सात बाहुल्या केल्या, त्यात दोन बायका. भेटींसाठी आम्ही काडेपेट्यांना सोनेरी कागद लावतो. सोनं राजाला. ऊद देवाला. आणि गंधरस?

या काडेपेट्या करताना सासूबाई शेजारी बसून वाती वळत होत्या. उदाचं नाव ऐकून त्यांनी मान वर केली. ‘ऊद म्हणजे आपण धुपात घालतो तोच ना गं?’ जवळजवळ तोच. मत्तयचा ऊद ज्या झाडाचा, त्याचं भावंड म्हणजे आपल्या सातपुड्यातली सालई. आणि गंधरसाचं भावंड गुग्गुळ. सासूबाईंच्या देवघरातल्या डबीत बेथलेहेमची अर्धी भेट पडून होती म्हणायची!

‘मग गंधरस कशाला असतो?’ लेकीने विचारलं. मी क्षणभर थांबले. गंधरस मेलेल्या माणसासाठी असतो. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात निकदेम येशूला पुरताना गंधरस घेऊन येतो. म्हणजे तान्ह्या बाळाला दिलेल्या भेटीत त्याच्या मरणाची वस्तू होती. सहा वर्षांच्या मुलीला हे सांगायचं? मी सांगितलं. ती गप्प झाली. आदल्या वर्षीच तिचे आजोबा, माझे सासरे, गेले होते. सासूबाई वात वळता वळता म्हणाल्या, ‘बरोबर आहे. जन्माला आलेल्याला ते चुकत नाही. आणणाऱ्याने आधीच आणून ठेवलं, बरं केलं.’ त्या दिवशी तिसरी काडेपेटी त्यांनी गुंडाळली. त्यांनी नव्या कागदाला हात लावला नाही. आजोबांच्या कपाटातल्या जुन्या ब्राउन पेपरचा तुकडा काढला.

एवढं गंभीर नको असेल आणि बे सजवायला पटकन होणारं काही हवं असेल, तर अमेरिकेतल्या एका बाईंची आयडिया घ्या. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलमध्ये फ्रान्सेस किप्स स्पेन्सर यांनी १९५७ मध्ये आपल्या लुथरन चर्चमधल्या झाडासाठी फक्त पांढऱ्या आणि सोनेरी रंगात जुनी ख्रिस्ती चिन्हं बनवली. नाव ‘क्रिस्मॉन’. कार्डशीट आणि कात्री, बस्स. मासा कापा : ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ यातल्या ग्रीक शब्दांची पहिली अक्षरं जोडली की ‘इख्थुस’ होतं, म्हणजे मासा. नांगर कापा : इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. रोमच्या भुयारी दफनभूमींत ही दोन्ही चिन्हं भिंतींवर आहेत. आमच्या पाचूबंदरच्या कोळ्यांना मासा आणि नांगर वेगळे समजवावे लागणार नाहीत! आणि ‘एक्समस’मधल्या एक्सवर कुणी नाक मुरडलं तर सांगा की ते ग्रीकमधलं ‘खी’ आहे, ख्रिस्ताचं पहिलं अक्षर. कुणी ख्रिस्ताला कापलेलं नाही.

मेणबत्त्यांचं चक्रही असंच. १८३९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान हिनरिख विखर्न यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोजची लहान लाल, रविवारची मोठी पांढरी. ‘नाताळ कधी?’ असं मुलं सारखी विचारायची म्हणून, असं सांगतात. आज कॅथलिक घरांत बहुधा तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची.

सगळ्यालाच वचन चिकटवायची गरज नाही हं. लाल-पांढरी कँडीची काठी म्हणजे येशूचा ‘जे’, ही फॉरवर्डमधली गोष्ट गोड आहे, पण तिला पुरावा नाही. लेकीला मी तेही सांगितलंय. ‘ही फक्त खायची,’ म्हटलं. तिची काही हरकत नव्हती.

मैत्रिणी विचारतात, इतका खटाटोप कशाला? तिला ख्रिश्चन करायचंय का? नाही. मोठी झाल्यावर ती चर्चला जाईल, देवळात जाईल, दोन्हीकडे जाईल किंवा कुठेच जाणार नाही. ते तिचं ती ठरवेल. पण काय घेतेय किंवा काय सोडतेय हे तिला ठाऊक असावं. नुसती चमकी घ्यायलाही सोपी आणि टाकायलाही सोपी. काळी पिशवी तयारच असते.

तेव्हा यंदा ऑफिसचा तो मेल आला की एक काम करा. माळा आणा, टोप्या घाला, पण एक, फक्त एक वस्तू स्वतःच्या हाताने बनवा आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने तिची गोष्ट लिहा. दोन ओळी पुरेत. कुणी ना कुणी ती उलटून बघतंच. आणि नाचणी पेरायची असेल तर दहा तारखेच्या आत पेरा. एसीत उगवायला तिला जरा वेळ लागतो.