त्रेंतोच्या डोंगरावरील रांजण

वेरोना सोडून आगगाडी उत्तरेस वळली, की अदिजे नदी तिच्या सोबतीस येते आणि दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ सरकू लागतात. खोऱ्याच्या तळापासून कड्यांच्या पायथ्यापर्यंत द्राक्षांचे मांडवच मांडव. विजापूरच्या बाजूचे मांडव पाहिलेल्या आम्हां बेळगावकरांस ते ओळखीचे वाटले. फरक इतकाच, की येथील मांडव उतारावर एका अंगाने तिरपे उचललेले असतात. मे महिना नुकताच लागला होता आणि वेलींवर कोवळी पालवी होती.

त्रेंतो हे नाव आपल्या वाचकांस नवे नाही. १५४५ ते १५६३ या काळात ख्रिस्तसभेची सुप्रसिद्ध महापरिषद येथेच भरली. ख्रिस्तप्रसाद सामान्य श्रद्धावंतांस पेल्यातूनही द्यावा काय, हा प्रश्न १५६२ साली याच नगरीत चर्चिला गेला. संत विजिलिओच्या प्रधानमंदिरात गुडघे टेकून आम्ही बाहेर आलो, तेव्हा सिस्टर आमची वाट पाहत उभ्या होत्या. त्या मूळच्या खानापूर तालुक्यातील. गेली कित्येक वर्षे येथे वृद्धांची शुश्रूषा करतात. ओळखीच्या एका कुटुंबाचा मळा दाखविण्याचे त्यांनी कबूल केले होते.

नगराच्या माथ्यावरील उतारांवर नोझिओला नावाचे पांढरे द्राक्ष पिकते. ते या प्रांताचे अस्सल देशी वाण. पांढऱ्या द्राक्षांची सामान्य रीत अशी, की फळ पिळून रस लगेच वेगळा करावयाचा आणि साली टाकून द्यावयाच्या. काही मळेवाले मात्र रस सालींसकट मुरू देतात. सालींतला तुरटपणा रसात उतरतो, रंग मधासारखा किंवा जुन्या तांब्यासारखा होतो आणि पेय टिकाऊ बनते. जॉर्जिया देशात मातीचे रांजण जमिनीत पुरून असा द्राक्षारस करण्याची परंपरा फार प्राचीन आहे. २०१३ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. इटलीच्या ईशान्य सीमेवरील ओस्लाविया गावी योश्को ग्राव्हनेर यांनी २००१ पासून जॉर्जियाचे रांजण वापरण्यास आरंभ केला. त्रेंतोच्या माथ्यावर फोंतानासांता, म्हणजे ‘पवित्र झरा’, या नावाचा मळा आहे. तेथील नोझिओला फोरादोरी कुटुंब स्पेनमधून आणलेल्या रांजणांत सुमारे आठ महिने सालींसह ठेवते.

आम्ही गेलो तो मळा याहून पुष्कळ लहान, एका घराने राबावा एवढाच. मळ्याची धनीण साठीच्या पुढची. बोटांच्या पेरांत माती भरलेली. तळघरात चार रांजण होते. साखर नाही, बाहेरचे किण्व नाही. सालीवर जे किण्व निसर्गतः वसते, तेच रसाला आंबविते. आंबताना साली वर तरंगतात, त्या सुकून बिघडू नयेत म्हणून रोज काठीने खाली दाबाव्या लागतात. “आम्ही काही घालीत नाही म्हणून काम कमी, असे लोकांस वाटते,” ती म्हणाली, “पण घालायचे काही नसले, की पाहायचे फार असते.” सिस्टरांनी ते आम्हांस मराठीत सांगितले.

मग तिने एक रांजण उघडला. सुक्या मेव्याचा, ओल्या मातीचा आणि किंचित सफरचंदाच्या सालीचा असा मिश्र गंध दरवळला. तिने पेला भरून आमच्यापुढे धरला.

वाचकहो, येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या वडिलांचा अंत दारूने झाला. ते गेले त्या वर्षी आईने आम्हां भावंडांकडून वचन घेतले आणि ते आम्ही आजवर पाळले आहे. पाहुणचार नाकारणे अवघड होते. पेला हातात घेणे त्याहून अवघड. आम्ही सिस्टरांकडे पाहिले. त्यांनी धनिणीस हलक्या आवाजात सारे सांगितले.

ती रागावली नाही. क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “माझे वडीलही असेच गेले. मळा स्वच्छ असला म्हणून पेल्याचे विष उतरत नाही. मी खोली बंद ठेवते. जेवणाच्या ताटाशिवाय आमच्या घरी पेला निघत नाही.” तिने रांजणातून ओंजळभर भिजलेल्या साली काढून आमच्या तळहातावर ठेवल्या. “वास घ्या. तेवढ्याने वचन मोडत नाही.”

त्या साली थंड होत्या, मऊ पडलेल्या, तपकिरी. आठ महिने रसाला रंग देऊन, त्याला धरून ठेवून, आता त्या उकिरड्याकडे निघाल्या होत्या. का कोण जाणे, आम्हांस त्या वेळी आईची आठवण झाली.

परततांना सिस्टरांनी पश्चिमेकडील सरोवरांच्या खोऱ्याविषयी सांगितले. तेथे हेच द्राक्ष माळ्यावर फळ्यांवर पसरून गार्दा सरोवराकडून येणाऱ्या वाऱ्यावर वाळवितात आणि पवित्र आठवड्यात पिळतात. म्हणून त्या रसास ‘पवित्र द्राक्षारस’ म्हणतात. १०० किलो द्राक्षांतून जेमतेम १५ ते १८ लिटर रस निघतो. तोही वर्षानुवर्षे पिंपांत निजतो. बेदाण्यांच्या शेडमधील जाळ्या डोळ्यांपुढे आणल्या, की वाचकांस ते माळे दिसतील.

वेदीवरील द्राक्षारस द्राक्षवेलीच्या फळाचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. हा नियम आम्ही लहानपणीच पाठ केला होता. आता रविवारी धर्मगुरू पेला उंचावतात, तेव्हा त्यामागे आम्हांस पेरांत माती भरलेला एक हात दिसतो. आणि तळघराच्या दाराला लावलेली कडीही दिसते.