काचेवरचा थर

लेन्सच्या कड्यावरचे आकडे फोकल लांबी आणि सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर सांगतात. फोटो कसा येईल, हे मात्र काचांची संख्या, त्यांचे आकार आणि त्यांवरचा थर यांवर ठरते.

सत्तरच्या दशकात पावस गावात वाढलेल्या माणसाच्या हाती पहिला कॅमेरा आला, तो बहुधा भारतात बनलेला आगफा क्लिक थ्री. मुंजीच्या फोटोत मधला बटू स्पष्ट, कडेची आत्या पुसट. साध्या भिंगाची प्रतिमा सपाट पडत नाही, वक्र पडते. कडेकडे इतर दोषही वाढत जातात.

पुढे मिळवते झाल्यावर घेतलेली ५० मिमी, एफ १.८ ही लेन्स मुळात पॉल रुडॉल्फच्या १८९६ मधल्या प्लॅनार लेन्सच्या घराण्यातली. अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या काचा, म्हणून एकीकडचे बरेच दोष दुसरीकडे फिटतात. पण प्लॅनारमध्ये हवेला लागणारे पृष्ठभाग आठ. उघडी काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते. आठांत मिळून चौथ्या हिश्शाहून जास्त. त्यातला काही आतच उसळून फोटोवर दुधी पडदा धरतो. इतकी चांगली रचना त्यामुळे कित्येक वर्षे मागे राहिली. १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर तरंगलांबीच्या पाव भागाइतका पातळ थर चढवला. थराच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांना मारतात.

पूर्णगड किल्ल्यावरून मुचकुंदी नदीच्या मुखाकडे मावळता सूर्य चौकटीत घेतला, की या थराची किंमत कळते. चांगला थर असेल तर जांभ्याच्या तटाचे खड्डे सावलीतही दिसतात. तिथे १.८ कामाचे नाही. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला कडा मऊच राहतात, ५.६ ला धार येते. २२ वर विवर्तनाने बिंदूची सुमारे ०.०३ मिमीची चकती होते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने मोठ्या अ‍ॅपर्चरआधी थराला पैसे मोजावेत.

हाच थर पावसाळ्यात बुरशी खाते. लेन्स सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवावी. समुद्रावरून आल्यावर आधी वाळू फुंकून काढावी. कोरड्या फडक्याने मीठ चोळले तर ओरखडे उठतात.

आता खिशातल्या फोनमध्ये प्लॅस्टिकची इवली अगोलीय भिंगे असतात. सरळ रेषांना आलेला उरलेला बाक सॉफ्टवेअर सरळ करते. बोटाच्या तेलाने दिव्यांभोवती पसरणारी झळाळी त्याला नीट काढता येत नाही. काच आधी पुसावी लागते.