रात्रीची वीज

विजेलाही दिवस आणि रात्र असते, हे मला साठी उलटल्यावर कळले. तोवर बटण दाबले की दिवा लागतो, एवढाच आमचा परिचय. मोहगावातले आमचे घर जुने, कौलारू. परसदाराच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा संत्र्याचा बगीचा आणि त्याला लागून गव्हाचे वावर. काही वर्षांपूर्वी आईच्या श्वासाने दगा दिला आणि नागपूरच्या डॉक्टरांनी रात्री प्राणवायू देणारे यंत्र घरी ठेवायला सांगितले. त्या दिवसापासून घराची झोप यंत्राच्या घरघरीला बांधली गेली. ती चालू असली की डोळा लागे, थांबली की जाग येई.

पौषात ती थांबू लागली. रात्री साडेअकराच्या सुमारास दिवा पिवळा पडे आणि यंत्र लांब शिटी देऊन मुके होई. मग अंधुक उजेडात सिलिंडरची नळी जोडायची. आई तक्रार करीत नसे; फक्त पदराचे टोक मुठीत घट्ट धरी. सकाळी मात्र सारे सुरळीत. मी तक्रार नोंदवली, माणूस आला तो भर दुपारी. त्याने मोजले, दाब 228 व्होल्ट निघाला. बिघाड नाही, असे सांगून तो गेला. तो खोटे बोलत नव्हता, हीच अडचण होती.

मग मी स्वतःच कारण ठरवून टाकले. सारणीसारखे औष्णिक केंद्र संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. गावे आणि शहरे निजल्यावर मागणी ओसरते, ती वीज कुठेतरी खपवावी लागते. म्हणून शेतीच्या वाट्याचे काही तास रात्रीत ढकलले जातात. रब्बीचा हंगाम, रात्रीची थ्री फेज आणि भिंतीपलीकडे मोटारीचा आवाज. आरोपी सापडला होता. शेजाऱ्याने घरगुती तारेवर आकडा टाकला असणार, असा अर्ज मी लिहिला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

अर्ज देण्यापूर्वी एकदा बोलावे, एवढी लाज शिल्लक होती. त्या रात्री तो हातात विजेरी घेऊन, डोक्याला मफलर गुंडाळून पाणी वळवीत होता. माझे बोलणे ऐकून तो रागावला नाही.

“गुरुजी, रात्री लाईन येते म्हणून जागाव लागते. थंडीत, साप-इच्चूत फिराचा शौक हाय का आमाले? थांबा, मोटार बंद करतो. तुम्ही घरी जाऊन मोजा.”

सौंसरच्या बाजारातून आणलेला मीटर मी लावला. मोटार चालू असताना 190, बंद केल्यावरही 190. मग तोच म्हणाला, “आता माह्या घरी मोजा.” दोन्ही घरांच्या तारा एकाच खांबावरून येतात. त्याच्या घरी 222 व्होल्ट होते. 230 च्या वरखाली सहा टक्के चालतात, म्हणजे 216 पर्यंत ठीक. त्याचे घर निर्दोष होते. दोष खांबापासून माझ्या उंबऱ्याच्या आत कुठेतरी होता.

घरात येऊन एकेक वस्तू बंद केली. दिवे बंद केले, काटा तसाच. आईच्या खोलीतला दोन हजार वॅटचा हीटर बंद केला आणि दाब झटक्याने 220 वर गेला. हीटर आम्ही फक्त रात्री लावीत होतो. दुपारी येणाऱ्याला बिघाड दिसणार तरी कसा?

हीटर बंदच ठेवून आईला दोन रजया पांघरल्या. सकाळी लाईनमनने खांबावरून पुरवठा तोडून मेन स्विच उघडला. न्यूट्रलच्या तारेचा स्क्रू सैल, तार काळीठिक्कर आणि मागची सागवानी फळी कोळशासारखी झालेली. सैल सांध्यातून हीटरचा सात-आठ अँपिअरचा प्रवाह गेला की तिथेच तीसेक व्होल्ट खर्ची पडत. म्हणजे दोनशे वॅटहून अधिक उष्णता त्या एवढ्याशा जागी, लाकडाला चिकटून. आणि आत प्राणवायूची नळी! ठिणगी पडली असती तर, हा विचार मी अजूनही पुरा करीत नाही.

पण मला खरे बोचले ते निराळेच. आई आठवडाभर म्हणत होती, “काही तरी जळल्यावानी वास येऊन राह्यला रे.” मी तिला म्हणालो होतो, “आई, तुला भास होतात.” खिशातला कागद जेवढा शेजाऱ्यावर अन्याय करणारा, तेवढेच ते वाक्य तिच्यावर.

फळी बदलली, तार बदलली, हीटरला वेगळी जोडणी केली. आता 2023 च्या नियमांनी, सौर विजेमुळे, स्वस्त तास दुपारकडे सरकू लागले आहेत. पण ती दरसवलत शेतीखेरीज इतर ग्राहकांपुरती. विहिरीवरचा माणूस मात्र अजून कित्येक रात्री जागाच असतो. त्याची विजेरी भिंतीपलीकडून सरकताना दिसली की आई घरघरीतूनच मला हाक मारते, “झोपला का? त्याले चहा दे.” मी उठतो.