आधी कागद, मग चाक

दसऱ्याला नवा ट्रॅक्टर दारात आला की घराचे रूपच पालटते. २०२३ सालचा दसरा, ऑक्टोबरची २४ तारीख. कऱ्हाड तालुक्यातल्या आमच्या गावी माझे थोरले बंधू नवा ट्रॅक्टर घेऊन आले. वहिनींनी चाकांवर पाणी घातले, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, झेंडूची माळ बांधली. मी नोकरीनिमित्त सांगली जिल्ह्यात. सणासाठी गावी आलो होतो. पेढा हातात घेता घेता मी सहज विचारले, "दादा, पूर्वसंमती कधी आली?"

"यील की आता," दादा म्हणाले. "डीलर म्हणला, कागद मागनं हुत्यात."

पेढा माझ्या हातातच राहिला. वहिनी मागून हळूच म्हणाल्या, "मी इचारलं हुतं भावजी, तो कागद कुठाय म्हनून. पन मुहूर्ताच्या दिशी अपशकुन नगं म्हनले."

शेती खात्याच्या कामात माझी तीस वर्षे गेली. गावोगावच्या सभांत मी घसा कोरडा करून सांगतो की, यांत्रिकीकरणाच्या योजनेत आधी अर्ज, मग निवड, मग कागदपत्रांची छाननी, मग पूर्वसंमती आणि त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीचे बिल चालत नाही. हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितले असेल. माझ्या सख्ख्या भावाला मात्र फोनवर एवढेच म्हणालो होतो, "अर्ज भरा, अल्पभूधारकाला सव्वा लाखापर्यंत मिळतात." पुढचे वाक्य राहून गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दादांची जमीन साडेचार एकर. त्यात ऊस, थोडे सोयाबीन. घरचे करून इतरांची भाड्याची नांगरट करायची, हा त्यांचा जोडधंदा. २००९ साली घेतलेला ट्रॅक्टर बरा चालत होता, पण हायड्रॉलिक दमले होते. महाडीबीटीवर अर्ज केला, सोडतीत नाव निघाले, कागद भरले. पूर्वसंमती तेवढी यायची होती. नेमक्या त्याच वेळी डीलरचा माणूस घरी आला.

त्याने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, "जुना ट्रॅक्टर आम्हाला द्या, वर वीस हजार एक्स्चेंज बोनस, पण दसऱ्यापर्यंतच." दुसरी, "पुढच्या वर्षी जुन्याला पंधरा वर्षे होतात, मग सरकार तो भंगारात घालणार. आत्ता देताय म्हणून किंमत तरी येतेय." तिसरी, "सव्वा लाख अनुदान येणारच आहे, त्यातून पहिले दोन हप्ते सुटतील."

ऐकायला तिन्ही गोड. पण ही तीन निराळ्या खिशांतली माणके होती आणि त्या माणसाने ती एकाच माळेत ओवली होती.

एक्स्चेंज बोनस हा कंपनीचा किंवा डीलरचा खिसा. त्याचा सरकारशी काही संबंध नाही. दादांनी अर्जाला जे कोटेशन जोडले होते, त्यात नव्या ट्रॅक्टरची किंमत होती ६ लाख ९० हजार. दसऱ्याच्या बिलात ती झाली ७ लाख १० हजार. म्हणजे वीस हजारांचा बोनस एका हाताने दिला आणि दुसऱ्या हाताने काढून घेतला. जुन्याचे धरले १ लाख ८० हजार. शेजारच्या गावचा एक भाडोत्री ट्रॅक्टरवाला रोख २ लाख १० हजार द्यायला तयार होता, हे वहिनींना ठाऊक होते. पण "त्येच्याकडं कुनी जायाचं, हितं एकाच जागी काम हुतंय," या सोयीपायी तीस हजार गेले.

दुसरा खिसा भंगार धोरणाचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांचे धोरण जाहीर केले. त्यात नोंदणीकृत भंगार केंद्राकडे वाहन दिले की एक प्रमाणपत्र मिळते, आणि ते दाखवून नवे वाहन घेताना मोटार वाहन करात सवलत मिळू शकते. ती खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत आणि धंद्याच्या वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत. घरची जुनी जीप खरोखर मोडीत काढायची असेल, तर हे ध्यानात ठेवावे. पण डीलरला दिलेला चालू ट्रॅक्टर भंगारात जात नाही, तो पुढे विकला जातो. आणि पंधरा वर्षे झाली म्हणून शेतकऱ्याचा ट्रॅक्टर कोणी ओढून नेत नाही. शेतीचा ट्रॅक्टर परिवहनेतर वाहनांत मोडतो. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. म्हणजे त्या माणसाने दाखवलेले भय खोटे होते आणि त्या भयापोटीच सौदा घाईत झाला.

तिसरा खिसा शेती खात्याचा. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टरसाठी किमतीच्या निम्मे किंवा सव्वा लाख, यांत जे कमी असेल ते. इतरांना ४० टक्के किंवा एक लाख. हे पैसे डीलरच्या हातात जात नाहीत. शेतकऱ्याने आधी पूर्ण किंमत मोजायची, बिल संगणकावर चढवायचे, मग जागेवर तपासणी होते आणि त्यानंतर रक्कम आधार जोडलेल्या खात्यात जमा होते. तोवर बँकेचा हप्ता थांबत नाही.

अमेरिकेत २००९ च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारने अशीच एक योजना काढली होती. जुनी, इंधन खाणारी मोटार द्या आणि नवी घेताना साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर सूट घ्या. लोक एवढे तुटून पडले की पहिले शंभर कोटी डॉलर काही दिवसांतच संपत आले आणि आणखी दोनशे कोटी घालावे लागले. महिनाभरात पावणेसात लाखांवर मोटारी बदलल्या गेल्या. जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून तिच्या इंजिनात रसायन ओतून ते कायमचे बंद पाडायचे, असा नियम होता. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे सूट डीलरने आधी बिलातच द्यायची आणि सरकारकडून पैसे मागून घ्यायचे. म्हणजे पैशाची वाट पाहत, कागदांची भेंडोळी सांभाळत डीलर बसले. आपल्याकडे त्या जागी शेतकरी बसतो. अनुदान थेट खात्यात येते हे चांगलेच, त्यात मधली गळती थांबते. पण कागद चुकला तर भुर्दंडही थेट आपल्याच खात्यात, हे विसरून चालत नाही.

डीलर सगळेच लबाड असतात असे मी म्हणणार नाही. कर्जाऊ पैशावर माल उभा केलेला, रोज व्याज चढते, कंपनीचा विक्रीचा तगादा, त्यात दसरा-पाडव्याचाच काय तो हंगाम. पण त्याचे काम ट्रॅक्टर फाटकाबाहेर गेला की संपते आणि आपले तिथून सुरू होते. आमच्याच भागात, औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी तेव्हा लोकांची समजूत होती. तेव्हाचा शेतकरी यंत्राला उगीच भ्याला. आजचा शेतकरी यंत्राला भीत नाही हे उत्तम, पण कागद न वाचता सही करायला तरी त्याने भ्यावे.

पूर्वसंमती दिवाळीनंतर आली. बिलावर तारीख दसऱ्याची. डीलर म्हणाला, "त्यात काय, नवीन तारखेचे बिल करून देतो." दादांचा मला फोन आला.

"आरं, एका तारखेचा तर प्रश्न हाय. तू त्या हापिसात एक शबुद टाक. मग सायेब झालास कशाला?"

मी म्हणालो, "दादा, विमा ऑक्टोबरचा, बँकेचे कर्ज ऑक्टोबरचे, नोंदणीही तेव्हाचीच. एक खोटा कागद झाकायला आणखी चार लागतील, आणि उद्या चौकशी झाली तर सही तुमची असेल. शब्द मी टाकणार नाही."

अर्ज बाद झाला. सव्वा लाख गेले. दादा माझ्याशी पाच महिने बोलले नाहीत. संक्रांतीला तिळगूळ आला तो वहिनींनी पाठवलेला. त्या दिवसांत मला पुन्हा पुन्हा वाटे की, खोटे बिल नाकारले यात माझे चुकले नाही. चुकले ते त्याआधी, फोनवर अर्धवट बोललो तेव्हा. पहिला हप्ता भरायला वहिनींनी दोन म्हशींतली एक विकली. हप्त्याला मीही हातभार लावला, पण तो त्यांनी उसना म्हणून घेतला आणि पै न् पै परत केला.

एवढ्याने भागले नाही. पुढच्या गळीत हंगामात दादांच्या मोबाईलवर दंडाची पावती आली. त्यांचा जुना, एमएच ११ चा ट्रॅक्टर वाळवा तालुक्यात ऊस ओढत होता. डीलरकडून तो दोन हातांत फिरला होता, पण नोंदणीवर मालक अजून दादाच! अपघात झाला असता तर? परिवहन कार्यालयाच्या पुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. वाहन विकल्यावर विक्रेत्याने १४ दिवसांत त्या कार्यालयाला कळवायचे असते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या अधिकृत डीलरला वाहन सोपवल्याची सूचना देण्याची सोयही नियमांत आहे. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून चावी देणे म्हणजे गाय विकून दावे आपल्याच गळ्यात ठेवणे. दोन खेटे घालून ते नाव एकदाचे उतरवले आणि त्या खेट्यांतच आम्हा भावांचे बोलणे पुन्हा सुरू झाले.

आता मी सभेत योजना सांगण्याआधी तीन खिशांचा हिशोब सांगतो. जुन्याची किंमत बाहेर दोन ठिकाणी विचारा आणि वेगळी लिहा. नव्याची किंमत जुन्याचे नाव न काढता विचारा. अनुदान शून्य धरून हप्ता झेपतो का ते बघा. झेपत असेल तरच पुढे जा. बिलात मूळ किंमत आणि कर वेगळे मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत सहा लाख असेल तर कर ७२ हजारांऐवजी ३० हजार होतो, म्हणजे ४२ हजारांचा फरक. तो आपल्या बिलात उतरला की नाही, हे मूळ किंमत बघितल्याशिवाय कळत नाही. आणि हे सगळे चौघांत नव्हे, घरच्या कारभारणीसमोर बसून करा. आमच्या घरात योग्य प्रश्न एकटीनेच विचारला होता आणि तिलाच आम्ही गप्प केले.

२०२५ च्या दिवाळीआधी पुतण्याने रोटाव्हेटरसाठी अर्ज केला. आता सोडत नाही, पहिल्या येणाऱ्याला पहिले प्राधान्य आणि शेतकरी ओळख क्रमांक हवाच. पाडव्याला डीलरचा फोन आला, "मुहूर्त साधा, कागद होतील." फोन वहिनींच्या हातात होता. त्या म्हणाल्या, "मुहूर्त आमी कागदाचाच बघतोय."

पूर्वसंमती आली, त्यानंतर रोटाव्हेटर आला, तोही अमावास्येला. दादा जरा कुरकुरले, पण वहिनींनी नारळ फोडला. अनुदान अजून यायचे आहे. या वेळी मात्र त्याच्या भरवशावर एकही हप्ता ठेवलेला नाही.