रिकामा कॉलम

माझं काम काय, हे मावशीला अजून कळलेलं नाही. खरं तर सोप्पं आहे. अ‍ॅपमधली वाक्यं एक्सेलमध्ये टाकायची. पहिल्या कॉलममध्ये इंग्रजी, शेजारी हिंदी, त्याच्या शेजारी मराठी. आडवी नजर फिरवली की कुठलं भाषांतर फसलंय ते लगेच दिसतं.

गेल्या दिवाळीत दादा घरी आला होता. माझ्या खांद्यावरून डोकावला आणि स्क्रीनकडे बोट करून म्हणाला, ‘माझी भाषा कुठाय?’

दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. तो भारतीय सांकेतिक भाषेत बोलतो. (हो, ‘बोलतो’च!) म्हटलं, त्यात काय, घालू की तुझाही कॉलम. मग जोशात आणखी दोन घातले, ब्रिटिश आणि अमेरिकन सांकेतिक भाषांचे. आणि ‘बाई’ या शब्दापुढे तिन्ही चौकटींत टाइप केलं: बाई, बाई, बाई.

दादा हसला. हसणारच! आपल्याकडे बाई म्हणजे नाकाच्या बाजूला बोट, जिथे चमकी असते तिथे. ब्रिटिश खुणेत तर्जनी गालावरून फिरते, अमेरिकन खूण हनुवटीपासून सुरू होते. दोन्हीकडे इंग्रजी असूनही या दोन भाषा वेगळ्या. मी भाषांतरं शेजारीशेजारी ठेवलीच नव्हती, मराठीच तीनदा लिहिलं होतं.

मग ‘जेवण झालं?’ आलं. दादाचं प्रश्नचिन्ह भुवयांत असतं. ते कीबोर्डवर कुठून आणू?

शोधता शोधता साइनरायटिंग सापडलं. व्हॅलरी सटन या अमेरिकन बाईंनी आधी नृत्याच्या हालचाली कागदावर उतरवायची पद्धत काढली होती. त्यातूनच १९७४ साली डेन्मार्कमध्ये हे लेखन सुरू झालं. चेहऱ्यासाठी गोल, त्यात हव्या तर भुवया. तळवा स्वतःकडे असेल तर हात पांढरा, हाताची मागची बाजू दिसत असेल तर काळा. स्पर्शाला चांदणी, हालचालीला बाण. २०१५ मध्ये ही चिन्हं युनिकोडमध्येही आली.

तुम्ही म्हणाल, व्हिडिओ आहेत की! आहेतच. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशात २०२१ पासून १०,००० शब्द व्हिडिओत आहेत, दादाही मित्रांशी व्हिडिओवरच गप्पा मारतो. पण व्हिडिओत खाडाखोड करता येत नाही, समासात ‘इथे चुकलंय’ असं लिहिता येत नाही. आणि आमचा एक शब्द कुठल्याच कोशात नव्हता.

आई.

लहानपणी दादाला शाळेतली खूण यायच्या आधीच आम्ही घरात एक बनवली होती: पदराला हात पुसणं. आई जाऊन चार वर्षं झाली. तिचे व्हिडिओ आहेत, पण आम्ही तिला तसं हाक मारतानाचा एकही नाही. माझ्या मुलीसाठी ती खूण लिहून ठेवायची, असं ठरलं.

कंबरेपाशी मी दोन हात काढले. दादानं एक खोडला. ‘एकच,’ तो म्हणाला.

‘दोन! मला चांगलं आठवतंय.’

‘दुसऱ्या हातात उलथनं असायचं.’

तासभर भांडलो. मग लक्षात आलं, तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आईला बघायचा. मी मात्र ती काम उरकून बाहेर यायची वाट बघत बसायचे. इतकी वर्षं आम्ही दोघं एकच शब्द वापरतोय असं समजत होतो. लिहिला नसता तर हा फरक कधी दिसलाच नसता.

माझ्या कामात अशा वेळी एक भाषांतर ठेवून दुसरं उडवायचं असतं. मी दोन कॉलम केले. एक दादाचा, एक माझा. दोन्हींत आई आहे.